पन्नासला काळी चार

आचलनं मागच्या सीटवरून 'आ' लावला आणि सुकरामचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपसूक सैल झाला. समोर रस्ता मोकळा होता. नागऱ्याच्या महादेवाचं दर्शन घेऊन ती दोघं मुर्रीला, घरी निघाले होते. दोन्ही अंगांना धान निघालेल्या बांध्या पौषातल्या उन्हात उघड्या पडल्या होत्या. गुरं नाही, ट्रॅक्टर नाही, पाय सैल करावा असं काहीच नाही. तरी काटा पन्नासावरून घसरत बेचाळिसावर येऊन थांबला. व्हॅनच्या मागच्या चाकातून येणारा तो लांबलचक घुमारा काट्याबरोबर खाली आला, आणि घुमाऱ्याच्या मागं मागं, काही न विचारता, पोरीचा आवाजही खाली आला. सोळा वर्षांचा ताजा गळा. त्याला काही झालं नव्हतं, पण चाक उतरलं म्हणून तोही उतरला. हे आपल्या पायानं केलं, आपण नाही, असं सुकराम क्षणभर स्वतःलाच सांगू बघत होता. तेवढ्यात मागून नात म्हणाली, "आबाजी, गाडीतून काय मस्त सूर येते न! तंबोऱ्याचं कामच नाई. आजी अशीच गात जाये का?"

"हो," सुकराम म्हणाला. असाच एक 'हो' त्यानं आधी एकदा म्हटला होता, एका डॉक्टरच्या खोलीत. तो अजून त्याच्या छातीत तसाच होता, गिळला न गेलेल्या घासासारखा.

महाशिवरात्रीला देवळात कीर्तन ठरलं होतं. दरसाली ते शकुंतलाबाईचं, सुकरामच्या बायकोचं, असायचं. चैत्रात ती गेली, म्हणून यंदा बाहेरचे महाराज यायचे होते. पण त्यांच्या आधी अर्धा तास शकुंतलाबाईच्या नातीनं गावं असं देवळाच्या लोकांनी मोठ्या मायेनं सांगून पाठवलं होतं. आचल तेव्हापासून उठता-बसता गात होती. चाकावर सूर तिनं आज पहिल्यांदाच लावला होता. पण सुकरामला वाटलं, ही कितीतरी दिवसांपासून लावते आहे आणि आपण कितीतरी दिवसांपासून पाय सैल करतो आहोत. घरी आल्यावर त्यानं मुलाला, प्रफुलला, एवढंच सांगितलं, "उद्या गाडी दाखवून आणतो." प्रफुलनं हातातला घास तसाच धरून बापाकडे बघितलं. दोन वर्षं तो ओरडत होता, बाबा, मागचं चाक घुमते, एक दिवस दगा देईल. आणि शकुंतलाबाई होती तोवर ही दोघं नवराबायको एकमेकांकडे बघून हसत होती.

इंद्रकुमारचं गॅरेज मुर्रीहून शहरात शिरताना लागतं. पत्र्याचं छप्पर, पुढं कडुनिंब, कडुनिंबाला टांगलेले जुने टायर. गाडी आवारात शिरायच्या आधीच तो बाहेर आला होता. "काका, ये आवाज तं मले नाक्यापासूनच ऐकू आली. कबसे है?" कधीपासून? हा प्रश्न सुकरामपुढं आयुष्यात दुसऱ्यांदा येत होता, आणि उत्तर त्याच्याजवळ दोन्ही वेळा होतं, दिवसावारासकट. दोन सालांआधीच्या दिवाळीनंतर, कामठ्याचं कीर्तन करून येताना. व्हॅनमध्ये चौघं-पाचजण, पेटी, तबला, झांजांची थैली; आणि शकुंतलाबाई आपल्या ठरलेल्या जागी, मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी. कीर्तनाला उभी राहिलेली बाई घरी जाताना झोपते, असं लोकांना वाटतं. ही झोपत नसे. दुसऱ्या दिवसाचं पद घोळवत बसे. त्या दिवशी ती मध्येच थांबली, कान टवकारून म्हणाली, "अवं, कोणं पेटी लावली?" पेटी तर खोक्यात बंद. मग तिनंच शोधून काढलं, आवाज खालून येतोय. तिनं त्यावर 'सा' लावला, अगदी बरोबर बसला. सुकरामनं काट्याकडे बघितलं : पन्नास. पन्नासला पेटीची काळी चार, तिची पट्टी. ती लहान पोरीसारखी हसली होती. "आपण तोंडानं मागतो आन् देव चाकानं देते पाहा. आता याले हात लावू नका बाप्पा!" तबलजी मुन्ना म्हणाला, "काकू, बिदागीबी येते का पाहा न चाकातून," आणि सगळी गाडी हसली होती.

"दोन सालं झाली," सुकराम म्हणाला.

"दो साल!" इंद्रकुमारनं कपाळावर हात मारला, कपाळाला काळं लागलं. "काका, तुमचं चाक तुमच्या पुढं घरी पोचलं असतं न एखाद्या दिवशी. काऊन नाई दाखवली?" मग आपणच समजूत घातल्यासारखा म्हणाला, "होते तसं. रोज ऐकणाऱ्याले समजत नाई. हळू हळू वाढते न."

"मले समजत होतं," सुकराम म्हणाला.

हे वाक्य त्यानं दहा महिन्यांत कुणालाच म्हटलं नव्हतं. प्रफुलला नाही, सुनेला नाही, महादेवापुढं बसून महादेवालाही नाही. आणि ते निघालं इथं, ऑइलच्या वासात, एका परक्या माणसापुढं. ज्याला ते गाडीबद्दलचं वाटलं. इंद्रकुमार नुसता म्हणाला, "समजत होतं तं सांगाचं न, भल्या माणसा," आणि जॅक आणायला गेला.

आधी त्याला टायरचा संशय. टायर वेडावाकडा झिजला की असाच घुमतो म्हणे. त्यानं मागचे टायर पुढं टाकले, पुढचे मागं, आणि चक्कर मारून बघू म्हणाला. बिरसीचा रस्ता सरळ आहे, तिकडं घेतली. गाडी सुकरामनं चालवायची आणि इंद्रकुमारनं मागं बसून ऐकायचं. तो बसला नेमका डाव्या खिडकीशी, मग वाकून कान सीटच्या पत्र्याला लावला. सुकरामनं आरशात बघितलं तर तिथं कुणीच नव्हतं. तो वाकला होता म्हणून. पण ती रिकामी खिडकी आणि खालून चढत गेलेला तो सूर, तीस, चाळीस, पंचेचाळीस... टायर बदलून काही फरक पडला नव्हता. आवाज होता तिथंच, मागं. "काका, पचास पे रखो," मागून आवाज आला. काटा पन्नासाला टेकला. काळी चार. सुकरामच्या उजव्या हाताचं मधलं बोट स्टिअरिंगवर आपोआप उचललं गेलं, आणि पाय सैल झाला. "अरे, कम काऊन करता? पचास! पचास सांगितलं न." त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा काटा टेकला, पुन्हा पाय सुटला. पन्नासाला त्याला गाडी ठेवताच येईना. साठ ठेवता आली असती, बेचाळीस तर डोळे मिटून. तेवढ्यात वर शिकाऊ पोरांचं एक छोटं विमान घुंऽऽ करत बिरसीच्या धावपट्टीकडं वळलं, आणि इंद्रकुमार डोकं वर काढून वैतागून म्हणाला, "आता हे चाक हाये का ते विमान, महादेवालेच माहीत. थांबवा जरा."

गाडी कडेला उभी राहिली. सुकराम त्या बोटाकडे बघत होता. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी शकुंतलाबाईनं त्याच्याकडून एक वचन घेतलं होतं. तिचा बाप कीर्तनकार; बापाच्या घरची रीत तिनं सोबत आणली होती. कीर्तनकार पुढं उभा असतो, पेटीवाला मागं बसतो. बोलता बोलता, रंगात येऊन, कीर्तनकाराचा सूर खाली सरकला तर पेटीवाल्यानं हूं की चूं करायचं नाही. फक्त सा दोनदा दाबायचा. लोकांना कळतही नाही. कीर्तनकाराला कळतं, आणि तो गळा उचलून घेतो. "मी उतरली का दोनदा दाबजा," ती म्हणाली होती. "माया-दया ठेवू नका. लोकं म्हणतात देवाले भाव लागते, सूर नाई लागत. खोटं हाये ते. भाव असला तं माणूस न धुतलेलं फूल वाह्यते का देवाले?" तीस-बत्तीस वर्षं तिच्या मागं पेटीवर बसून त्यानं दोनदा दाबलं. वर्षातून चार वेळा, पाच वेळा. ती फार उतरत नसे. दाबलं की ती मागं न बघता उजवा खांदा किंचित हलवी, म्हणजे पोचलं. त्या खांद्याच्या हलण्याएवढं जवळचं सुकरामच्या संसारात दुसरं काही नव्हतं.

ती जायच्या वर्षभर आधी, फाल्गुनात, आमगावच्या सप्ताहात ती उतरली. सुरुवातीलाच, नमनातच, अर्ध्या सुरानं. सुकरामनं बोट उचललं, दोनदा दाबलं. खांदा हलला, गळा चढला, आणि दोन ओळींत पुन्हा खाली आला. पुन्हा दोनदा दाबलं. ह्या वेळी गळा चढला नाही. ती चढवते आहे हे मागून दिसत होतं, मानेच्या शिरा दिसत होत्या, पदर सरकला होता, आणि समोर पाचशे माणूस बसलेला. आजवर त्यानं तिला देवापुढं कधी दमलेली बघितली नव्हती. तिसऱ्यांदा बोट उचललं आणि ते काळी चारवर पडायच्या ऐवजी शेजारच्या पांढरी पाचवर पडलं. एवढंच. त्यानं पेटी तिच्याजवळ खाली नेली. मुन्नानं चमकून त्याच्याकडं बघितलं, आणि मग काही न बोलता हातोडी घेऊन तबला उतरवायला लागला. शकुंतलाबाईला वाटलं आपणच चढलो. तिनं मागं वळून बघितलं, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा कीर्तनाच्या मध्यात, आणि हसली. कीर्तन इतकं रंगलं की शेवटी बुक्का लावायला बायांची रीघ संपेना.

त्या हसण्यापायी सगळं झालं. परत येताना गाडीत ती चाकावर सूर लावणार, आणि तिला कळणार की आपण काळी चारमध्ये नव्हतो; म्हणून त्यानं गाडी सत्तेचाळीसवर ठेवली. सत्तेचाळीसला पांढरी पाच. ती डोळे मिटून म्हणाली, "बसला पाहा कसा. आज गळा मोकळा हाये." चैत्र-वैशाखात त्याला पंचेचाळिसाच्या जरा खाली यावं लागलं, काळी तीन. भादव्यात बेचाळीस, पांढरी चार. आवाजात खर आली होती. लोक म्हणत, वयानं गोडवा मुरला. मागून येणारे ट्रक हॉर्न मारमारून पुढं जात, प्रफुल चिडे, बाबा, बैलगाडी चालवून राहिले का? आणि शकुंतलाबाई मुलाला गप्प करी, "चालवू दे त्यायले. सांभाळून चालवतात." कीर्तनाआधी ती विचारायची, काळी चार न? तो म्हणायचा, काळी चार. ती पुढं, पेटी मागं, बोटं कुठं आहेत हे तिला दिसायचं कारणच नव्हतं. आपण खोटं बोलतोय असं त्याला तेव्हा वाटलंच नाही. त्याला वाटायचं, आपण तिला उचलून नेतोय. चिखलातून नेतात तसं, तिच्या पायाला न कळू देता.

"चला काका, गेलं विमान," इंद्रकुमार म्हणाला. "आता पचास पे सोडू नका पाय. आन् गाडी जराशी डोलवा, इकडं-तिकडं." सुकरामनं दात ओठांवर रोवले आणि पाय रोवला. काटा थरथरत पन्नासावर राहिला. त्यानं स्टिअरिंग उजवीकडं घेतलं तेव्हा सगळं वजन डाव्या चाकावर आलं आणि सूर एकदम दाटला. डावीकडं घेतलं तेव्हा पातळ झाला. "लेफ्ट!" इंद्रकुमार खुशीत ओरडला. "पिछला लेफ्ट. बेरिंग हाये काका, पक्की बेरिंग." सुकरामला वाटलं, तेव्हा तिच्या शेजारी एक कान असता, असाच वैरी कान, ज्याला तिच्या हसण्याचं काही घेणंदेणं नव्हतं...

कार्तिकात घास टोचायला लागला म्हणून तिला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर तरुण होता, मन लावून ऐकणारा. त्यानं विचारलं, "आवाज कधीपासून बसलाय, आजी?" शकुंतलाबाईला राग आला. "बसला? नाई जी. गिळताना टोचते तेवढंच. माही पट्टी आजबी काळी चारच हाये. इचारा यायले." डॉक्टरनं त्याच्याकडं बघितलं. तिनंही बघितलं, किती विश्वासानं. खोलीत पंखा फिरत होता, आणि त्यालाही एक सूर होता हे सुकरामला आठवतं. त्या क्षणी सांगता आलं असतं. फाल्गुनापासून, डॉक्टरसाहेब, आधी अर्धा, मग एक, मग दीड. कुणा डॉक्टरला कधी मिळाला नसेल इतका नेमका हिशेब. पण ती बघत होती. "हो," तो म्हणाला. गोळ्या मिळाल्या, महिन्यानं या म्हणाले. महिन्यानं नागपूरला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरनं दुर्बीण घालून बघितलं आणि प्रफुलला बाजूला घेऊन विचारलं, आवाजात सहा-सात महिन्यांपूर्वीच फरक पडला असणार, घरात कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? तेव्हा आला असतात तर गोष्ट वेगळी होती. प्रफुल रडला. सुकराम भिंतीकडं बघत उभा राहिला. ऑपरेशननंतर तिला आवाजच उरला नाही. माघ आणि फाल्गुन तिनं खुणांवर काढले. आणि चैत्रात, जायच्या आदल्या दिवशी, तिनं त्याचा हात ओढून घेतला आणि मधल्या बोटानं त्याच्या तळहातावर दाबलं. एकदा. थांबून, पुन्हा एकदा. तिला पाणी हवं होतं, की तिला कळलं होतं? कळलं होतं तर केव्हापासून? त्यानं पाणी पाजलं. तिनं पिऊन घेतलं.

गॅरेजमध्ये इंद्रकुमारनं चाक काढलं, ड्रम काढला, आतले चार बोल्ट खोलले आणि घणाच्या ठोक्यांनी ॲक्सलचा दांडा बाहेर ओढला. त्यावर बसलेली बेरिंग छिन्नीनं मोकळी करायला अर्धा तास गेला. दोन वर्षांत ती दांड्याशी एकजीव झाली होती. निघाली तेव्हा त्यानं ती फडक्यानं पुसून सुकरामच्या हातावर ठेवली. "पाहा काका. गोळ्या खाऊन टाकल्या सगळ्या." सुकरामनं ती बोटांनी फिरवली. खर्र, खर्र. वाळूवर पाय घासावा तशी. त्यात काळी चार नव्हती, पांढरी पाच नव्हती. त्याच्या मनात होतं की हिच्यात काहीतरी असेल. तिचा शेवटचा सूर जिच्यावर बसला ती वस्तू हातात घेतल्यावर काही तरी होईल. म्हणून तर शकुंतलाबाई गेल्यावरही दहा महिने तिला कुणाला हात लावू दिला नव्हता. पण ते एक झिजलेलं लोखंड होतं, आणि झिजत असल्याचं ते पहिल्या दिवसापासून मोठ्यानं सांगत होतं. ऐकणाऱ्यांनी त्यावर भजन लावलं, ह्यात त्या लोखंडाचा काय दोष?

"घरी नेता का? काही लोकं नेतात," इंद्रकुमारनं विचारलं.

"नाई," सुकराम म्हणाला, आणि स्वतःच ती भंगाराच्या डब्यात टाकली. नवीन बेरिंग आणि ऑइल सील बसवून, चाक चढवून इंद्रकुमारनं ते हातानं फिरवलं. चाक फिरत राहिलं, कितीतरी वेळ, आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आचलला देवळात तालमीला न्यायचं होतं. ती सवयीनं डाव्या खिडकीशी बसली. गाव सुटलं, काटा पन्नासाला आला, आणि गाडीत काहीच नव्हतं. वाऱ्याचा सळसळाट, काचेची खटखट, बस्स. सुकरामच्या कानांना ते सहन होईना. घरातून माणूस उचलून नेल्यावर अंगण वाटतं तसं ते वाटत होतं. त्याला एकदम कळलं की शकुंतलाबाई चैत्रात गेली नव्हती पुरती. काल, त्या पत्र्याच्या छपराखाली, गेली.

"आबाजी, सूर?" आचल म्हणाली. "गाडीचा सूर कुठं गेला?"

"काढून टाकला. तो बिघाड होता, बाई."

"आता मी कायच्यावर गाऊ?"

"घे तुहा तूच. तुले येते."

ती रुसली. मग खिडकीकडं तोंड करून तिनं हळूच सा शोधला, सापडला, लावला. आजीचा गळा नव्हता तो. पातळ होता, पुढं पळणारा होता. पद सुरू झालं. सुकराम ऐकत होता, पाठीनं ऐकत होता, मानेनं ऐकत होता. पहिलं कडवं सरळ गेलं. दुसऱ्यात, नागऱ्याच्या वळणाआधी, आवाज जरासा खाली सरकला. फार नाही. लोकांना कळलं नसतं. मागं लाडकी नात, डोळे मिटलेले असणार, मन लागलेलं. सुकरामचा पाय सैल व्हायला आला, आणि त्यानं तो तिथंच दाबून धरला. मधलं बोट उचललं. पेटी नव्हती हाताशी. त्यानं हॉर्न दाबला. एकदा. थांबून, पुन्हा एकदा.

पुढं सायकलवर एक म्हातारा चालला होता, तो दचकून कडेला झाला.

आचल थांबली. "तो माणूस तं कडेनंच चालला होता, आबाजी. हार्न कायले?"

"तू उतरली."

"नाई उतरली!"

"उतरली. अर्ध्या सुरानं."

मनातल्या मनात तिनं मागं जाऊन ऐकलं असावं, कारण पुढचं ती हळू आवाजात बोलली. "आजीलेबी असंच करत होते का तुमी?"

"करत होतो. पेटीवर, दोनदा." रस्ता डोळ्यांपुढं पाण्यात पडल्यासारखा झाला, पण काटा त्याला दिसत होता. "शेवटच्या साली नाई केलं."

"काऊन?"

वळण आलं, वळण गेलं. देवळाचं शिखर झाडांवर दिसायला लागलं.

"तिले वाईट वाटंल म्हणून," सुकराम म्हणाला. "त्याच्यातच गेली ती. घरी गेल्यावर सांगीन तुले सगळं. तुह्या बापालेबी सांगीन." आणि मग, तीच पेटी समोर असल्यासारखा, तोच जुना रुक्ष आवाज, "लाव पुन्हा. वरून घे."

मागं आचलनं नाक पुसलं, घसा साफ केला आणि सा लावला. काटा पन्नासावर होता. सुकराम, बोट हॉर्नवर ठेवून, ती उतरायची वाट बघत ऐकत राहिला.